गाडीचं तोंड

नोएल ट्रास्कने गाडीपुढे गुडघे टेकले आणि जनावरांची धडक झेलायला नाकापुढे बसवलेल्या बुलबारच्या कडेवरून उघडा तळवा फिरवला, घोड्याच्या जबड्यावरून फिरवावा तसा. कडेला कुठे धार लागते का ते तो पाहत होता. मग बारवर बसवलेल्या दोन जादा दिव्यांपैकी डाव्या दिव्याला त्याने टिचकी मारली.

"हा पुढे आलाय."

"किती?" नेरिडाने विचारलं.

"बारच्या पुढे आलाय, एवढं पुरे. दिवा बारच्या आतच पाहिजे. उद्या कुणी आडवं आलं, तर बारच्या आधी हा दिवा त्याच्या बरगडीत जाईल. आणि आता हे बघ."

तो उठला, खिडकीतून हात घालून त्याने डिपर दिला. गाडीचे मोठे दिवे मंद झाले. बारवरचे दोन्ही दिवे मात्र तसेच जळत राहिले, भर सकाळी गॅरेजच्या पत्र्यावर पांढरे डाग पाडत.

"डिपर दिला की हेही मेले पाहिजेत. नाहीतर समोरून येणारा आंधळा व्हायचा. कुठल्या गाढवानं जोडलेत देव जाणे."

"तू नाही जोडलेस?"

"मी जोडले असते तर असे जोडले असते का?"

नेरिडाने वाकून पाहिलं. बार काळा होता, पोलादी, नटांवरचा रंगही उडालेला नव्हता. आणि त्याच्यावर मेलेल्या किड्यांचा थर उन्हाने भाजून बसला होता. पंख, पाय, पिवळे डाग. वडिलांच्या गाडीवर हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या नुकत्याच वारलेल्या वडिलांनी, एरॉल फेनविकने, सारा जन्म टपालाची गाडी चालवली होती. गावातून, म्हणजे कुराबिनहून, निघायचं, मेंढ्यांच्या कुरणांमधली एकेक घरं घेत मातीच्या रस्त्याने दिवसभर फिरायचं आणि सूर्य बुडता बुडता परतायचं. आल्यावर चहासुद्धा नंतर. आधी बादली, मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी. "आधी गाडीचं तोंड धुवायचं, मग आपलं," असं ते म्हणत. कांगारू धडकला असला तर त्याच दिवशी, अंधार पडला तरी, बॅटरीच्या उजेडात धूत. रक्त वाळलं की धातूत उतरतं, मुंग्या लागतात, आणि शिवाय ते बरं दिसत नाही. सगळं गाव आपापल्या गाड्या धुवायचं, पण त्यांच्याइतकं निगुतीने कुणी नाही.

"जुना बार कुठे गेला?" तिने विचारलं. "तो चकचकीत ॲल्युमिनियमचा?"

"बदलला त्यानं."

"कधी?"

"ईस्टरच्या सुमाराला."

"तुझ्याकडून नाही?"

"शहरात गेला होता." नोएलने खिशातून चिंधी काढली आणि स्वच्छ असलेले हात पुसले. "हे दिवे मागे घेतो, वायर नीट जोडतो, दुपारपर्यंत पासिंगचा कागद देतो. तू घरी जा पोरी. उगाच इथे तेलात उभी राहू नकोस."

नोएलला ती लहानपणापासून अरे-तुरे करत आली होती. या गावात कुणी कुणाला अहो-जाहो करत नसे. वडिलांचा हा एकच जिवलग. गाडीचा साधा बल्ब गेला तरी एरॉल याच्याकडे येत, आणि बल्ब बदलायला लागतो त्याच्या चौपट वेळ गप्पा मारत बसत. तेच एरॉल बुलबार बदलायला चार तास गाडी चालवत शहरात गेले, आणि कुणा अनोळखी माणसाने उलटेसुलटे जोडलेले दिवे तसेच वागवत हिंडले.

"जुना बार त्यांनी शहरातच टाकला का?"

"मला काय माहीत," नोएल म्हणाला. हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो गाडीच्या दिव्याकडे पाहत होता.

पोस्ट हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. वडिलांच्या नावाने येणारी पत्रं न्यूकॅसलच्या आपल्या पत्त्यावर वळवायला सांगायचं, म्हणून नेरिडा चालत निघाली. वाटेत हॉटेलपुढे वडिलांच्या गाडीसारख्याच, मागे उघडा हौदा असलेल्या चार यूट उभ्या होत्या. नाकं रस्त्याकडे, शेपटाकडचे हौदे भिंतीकडे. चारींना बुलबार. जन्मात कधी ती अशी गाड्यांची तोंडं बघत चालली नव्हती. एकाचा उजवा खांदा आत गेलेला होता, एकावर सुकलेल्या गवताची काडी अडकलेली होती. आपण काय बघतोय हे तिचं तिलाच कळेना.

मग कळलं. ती जागच्या जागी थांबली.

ईस्टरच्या आठवड्यात डूगल मॉयल गेला होता. मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीचा स्वयंपाकी, रस्त्याने पायी घरी येत होता. सकाळी खड्ड्यात सापडला. कुणी धडक दिली ते कळलं नाही. शहरातून पोलीस आले, दोन-चार ट्रक बघून गेले. लांबून आलेला कुणी मालट्रकवाला असणार आणि तो केव्हाच पार गेला असणार, असं ठरलं. वडिलांनी तेव्हा फोनवर सांगितलं होतं. आणि त्याच फोनवर, की पुढच्या? त्याच. "माझीपण गाडी जरा ठोकली गेली," ते म्हणाले होते. "संध्याकाळची वेळ. कांगारू असेल बहुतेक."

तुम्हाला लागलं नाही ना, एवढंच तिने विचारलं होतं.

पोस्टाच्या खिडकीत लिओनी मॉयल होती, डूगलची बहीण. तिने नेरिडाचं म्हणणं ऐकून घेतलं, पत्ता लिहून घेतला, शिक्का मारला. मग शिक्का गादीवर ठेवायचा सोडून हातातच धरून बसली.

"गाडी विकतेयस म्हणे."

"पासिंगला टाकलीय."

"घेईल कुणीतरी. नवा बार आहे."

बाहेर एक कुत्रं भुंकून गप्प झालं.

"डूगल गेल्यावर मी काय केलं माहितीये?" लिओनी म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. टपालाचे दर सांगावेत तसं ती बोलत होती. "गावातल्या एकेका गाडीचं तोंड बघितलं. हॉटेलपुढे, चर्चपुढे, फुटबॉलच्या मैदानावर. लोक मला बघून बाजूला व्हायचे. कुणी अडवलं नाही. एकानं तर स्वतःहून हात धरून नेलं. म्हणाला, ये बाई, माझी नीट बघ, वाकून बघ. सगळ्यांचे बार जुने होते. डाग पडलेले, वाकलेले, पण ओळखीचे. एकच तेवढा कोरा होता."

"तू त्यांना विचारलंस?"

"तुझा बाप होता तो. तू विचार ना."

"ते आता..."

"हो," लिओनी म्हणाली. "आता सोपं झालं सगळ्यांना." आणि तिने शटर खाली ओढलं. जेवणाच्या सुट्टीला अजून अवकाश होता.

वडिलांच्या शेडमध्ये ऊन फटीफटीतून आत आलं होतं. नेरिडाने आधी फळ्या बघितल्या, मग फळ्यांच्या मागे. बादली, ब्रश, लोकरीच्या चरबीचं मलम, दिव्यांच्या काचा पुसायची मऊ फडकी घडी करून ठेवलेली. आपल्याच वडिलांच्या शेडमध्ये आपण चोरासारखे शिरलो आहोत असं तिला वाटत होतं, आणि तरी हात थांबत नव्हते. अगदी कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीआड, लाकडाच्या दोन घोड्या मांडलेल्या होत्या. गाडीच्या रुंदीएवढ्या अंतरावर. त्यांच्यावर टपालाच्या पिशवीचं जाड कॅनव्हास पसरलेलं होतं, मधोमध खाली लोंबलेलं. कॅनव्हासच्या कडांना दोरी होती. कशाला तरी चारी बाजूंनी घट्ट आवळून बांधलेलं ते असणार. गाठी सोडवलेल्या नव्हत्या. दोरी सुरीने कापलेली होती.

वडील गाठ कापत नसत. वडिलांच्या मते दोरी कापणारा माणूस आळशी असतो, नाहीतर घाईत असतो.

घोड्यांखालच्या तांबड्या मातीत मुंग्यांच्या औषधाची पूड गोल पसरलेली होती. बरेच महिने वरचेवर टाकत गेल्यासारखी, थरावर थर. धुतलेल्या बारला मुंग्या लागत नाहीत. नेरिडा तिथे उकिडवी बसून राहिली. जो माणूस बारवर माशी चिकटू देत नसे, त्याने तो मळका बार इथे आणून ठेवला, मुंग्यांपासून राखला, धुळीपासून झाकला. लपवायचा असता तर टाकून देता आला असता. नदीचं कोरडं पात्र आहे, जुन्या खाणी आहेत, या मुलुखात वस्तू टाकायला जागेचा दुष्काळ नाही. आणि निदान धुता तरी आला असता. घरात पाण्याची टाकी होती, ब्रश होता.

त्यांनी तो राखला होता. आणि कुणीतरी दोरी कापून घेऊन गेलं होतं.

नोएल डबा उघडून गॅरेजच्या पायरीवर जेवत बसला होता. गाडी तयार होती. तिला एवढ्या लवकर आलेली पाहून तो सँडविच हातात धरून थांबला.

"बार कुठे आहे, नोएल?"

"सांगितलं ना, मला..."

"दोरी कापलीस तू."

त्याने सँडविच कागदात गुंडाळलं, डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण दोनदा दाबून लावलं. मग उठला आणि तिच्यापुढे चालत गॅरेजच्या मागे गेला. तिथे, टायरांच्या ढिगाला टेकून, जुना बार उभा होता. लख्ख. आरशासारखा. डावा खांदा किंचित आत गेलेला, आणि त्यावर वडिलांचे जुने दोन गोल दिवे, काचा पुसलेल्या.

"तुलाच देणार होतो," नोएल म्हणाला. "आठवण म्हणून."

"कधी आणलास?"

"अंत्ययात्रेच्या सकाळी. शवपेटीच्या पुढे त्याची यूट चालवायची असं ठरलं होतं ना, ती आणायला गेलो. म्हटलं नीट पुसून घेऊ, तर फडकी शोधताना हे दिसलं. एरॉलचा बार, आणि ह्या अवस्थेत! रक्त, केस, चिखल, सगळं वाळून घट्ट बसलेलं. मला वाटलं, आजारी होता, हात उचलत नसतील, सांगायला लाजला असेल. दुपारी सगळं गाव तुमच्या घरी येणार. कुणी शेडमध्ये डोकावलं तर काय म्हणेल? एरॉलचा बार असा? म्हणून घेऊन आलो आणि धुतला. त्यात यूट पुसायची राहूनच गेली. दुसरं काय करणार? मित्र होता माझा."

"कुणाचे केस होते?"

"कांगारूचे."

"बघितलेस तू?"

"धुताना कोण बघत बसतं?"

"नोएल."

तो टायरांच्या ढिगावर बसला. म्हातारा दिसायला लागला होता तो. नळाशी बारीक धार गळत होती, ती बंद करायला उठावं असं त्याला वाटलं असणार. हात तिकडे गेला आणि परत आला.

"अर्धा धुऊन झाल्यावर लक्षात आलं," तो म्हणाला. "हा उजवीकडचा भाग झाला होता. आणि एकदम मनात आलं, की हा शहरात का गेला? माझ्याकडे का नाही आला? मग ईस्टर आठवला. ब्रश हातात तसाच राहिला."

"मग थांबला का नाहीस?"

"थांबलो असतो, तर उरलेलं अर्धं बघावं लागलं असतं."

मग नोएल म्हणाला, "हे बघ पोरी, झालं ते झालं. आता तो लख्ख आहे. एरॉल मातीत आहे, डूगलही मातीत आहे. तू गाडी विक आणि घरी जा. माझ्या तोंडून कधी कुणाला काही कळायचं नाही."

तो हे प्रेमाने म्हणत होता, हे तिला कळत होतं. म्हणूनच तिला तिथे उभं राहणं कठीण जात होतं. हो म्हटलं, की संपलं. वडील कायमचे भले टपालवाले राहतील, आणि त्यांच्याबद्दल तिला जे वाटायला लागलं आहे ते तेवढं तिच्यापाशी राहील, मरेपर्यंत.

तिने बारपुढे गुडघे टेकले. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेलं, बाटली वरून पुसली की झालं असं मानायची तिची सवय नव्हती. जुने दिवे ज्या पट्ट्यांनी बारला आवळले होते, त्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला तिने नख घातलं. नखात तांबडी माती आली. ओलीही न झालेली.

"पाना दे."

"काय करतेस?"

"इथे तुझा ब्रश पोचलेला नाही. दिवा काढायचाय."

नोएल उठला. पाना त्याने तिच्या हातात दिला नाही. स्वतः खाली बसला. "मी काढतो," तो म्हणाला. "तू उगाच घासशील." त्याने नट इतक्या हळू फिरवला की पट्टी जागची हलली नाही, शेवटचा आटा सुटल्यावर दिवा अलगद उचलून बाजूला ठेवला. पट्टीच्या पोटात माती साचून बसली होती, आणि त्या मातीत तीन-चार केस होते. आखूड, करडे.

दोघांनी ते पाहिले. कुणाचे, ते दोघांनाही सांगता येईना; कांगारूही करडाच असतो. डूगलही पन्नाशीचा होता; डोकं पिकलेलं होतं त्याचं.

"स्वच्छ पिशवी आहे का, फ्यूज ठेवायची?"

नोएलने नवीकोरी पिशवी आणून दिली. मग बार दोघांनी मिळून यूटच्या हौद्यात चढवला. पासिंगचा कागद त्याने खिडकीतून आत सीटवर ठेवला. "दिवे आता डिपरबरोबर मरतात," तो म्हणाला. आणखीही काहीतरी म्हणायचं होतं त्याला, पण तो नळ बंद करायला गेला.

पोस्टाचं शटर वर होतं. नेरिडाने पिशवी खिडकीत ठेवली आणि सगळं सांगितलं: घोड्या, कॅनव्हास, मुंग्यांची पूड, नोएलचा ब्रश. काही गाळलं नाही. लिओनीने पिशवीला हात लावला नाही. वाकून, चष्मा वर करून, प्लास्टिकमधून नुसतं पाहिलं.

"करडे," ती म्हणाली.

"हो."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग. तपासणारे सांगतील."

लिओनीने चष्मा काढून हातात धरला. "ईस्टरनंतर तुझा बाप टपाल न्यायला यायचा," ती म्हणाली, "आणि पिशव्या घेऊन झाल्या तरी जायचा नाही. इथे उभा राहायचा, तू उभी आहेस तिथे. टोपी काढून. आधी कधी टोपी काढत नसे. तोंडातून शब्द नाही, नुसता उभा. पुढे आजारानं हात थरथरायला लागले तरी उभा."

"आणि तू?"

"मी शटर ओढायचे. सकाळी सकाळी. माणसं तिकिटांसाठी ताटकळत बाहेर, आणि मी आत अंधारात."

"का?"

"या सगळ्या मुलुखात एकच माणूस असा होता, की रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर तो थांबणारच. आईला बरं नव्हतं तेव्हा औषध घेऊन वाट वाकडी करून यायचा. तो जर म्हणाला असता, की लिओनी, मी थांबलो नाही..." तिने चष्मा परत घातला. "मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्याही चाललं असतं."

"मलाही नाही ऐकायचं."

"मग कशाला घेऊन आलीस हे?"

"ते उभे राहायचे ना," नेरिडा म्हणाली.

लिओनीने सवयीने पाकीट ओढलं, पिशवी त्यात सरकवली, कड दुमडली, आणि तिकिटांकडे गेलेला हात तसाच थांबला. "टपालानं नको," ती म्हणाली. तिने मागच्या खोलीतून कोट आणला, आतले दिवे मालवले आणि या वेळी शटर बाहेर येऊन, बाहेरून ओढलं. दारावर चिठ्ठी लावली नाही.

हौद्यापाशी येऊन ती बारकडे बघत राहिली. मग परत आत जाऊन टपालाची रिकामी पिशवी घेऊन आली. "रस्त्यावर धूळ आहे," ती म्हणाली, आणि उघड्या पडलेल्या पट्टीवर पिशवी पसरून दोरी आवळायला लागली. नेरिडाने दुसरं टोक धरलं. गाठी दोघींनीही पक्क्या मारल्या.

गाव संपून मातीचा रस्ता लागला. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख दिली. गाडी एरॉलची आहे, म्हणून. दोघींनी बोटं उचलली.

"सावकाश चालव," लिओनी म्हणाली. "शहरातलं पोलीस ठाणं पाचाला बंद होतं. पोचू."

"आणि नाही पोचलो तर?"

लिओनीने मांडीवरचं पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं.

"तर दाराशी उभ्या राहू," ती म्हणाली.